नाव सोनूबाई, पायी फुटबॉल

एखाद्या माणसाचा फार गाजावाजा झाला की आपल्याकडे त्याच्याविषयी एक वाक्य आपोआप तयार होतं. 'तसा बरा आहे हो, पण एवढं काही नाही.' हे वाक्य गवयाला चालतं, नटाला चालतं, डॉक्टरला आणि ज्योतिषालाही चालतं. नाक्यावरच्या वडापाववाल्याला तर ते चालतंच चालतं. त्याच्या गाडीपुढे रांग लागू लागली की पहिल्या आठवड्यात लोक रांगेत उभे राहतात, दुसऱ्या आठवड्यात रांगेचं कौतुक करतात आणि तिसऱ्या आठवड्यात 'वडा पूर्वीसारखा राहिला नाही' म्हणतात. वडा तोच असतो. फक्त रांग वाढलेली असते.

हे वाक्य गेली पंचवीस-तीस वर्षं ज्या एका माणसामागे हात धुऊन लागलं आहे, तो म्हणजे इंग्लंडचा फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण इंग्रजांना ठाऊक नाही म्हणून, नाहीतर त्यांनी ती त्याच्या घरावर लावली असती. खेळापेक्षा नाव मोठं, पायापेक्षा केस मोठे, गोलापेक्षा फोटो जास्त, असा हा आरोप आहे. या खटल्यात मी आरोपीच्या बाजूने उभा आहे. त्याने मला वकीलपत्र दिलेलं नाही. त्याला गरजही नाही, त्याच्याकडे वकील पुष्कळ असावेत. पण आपल्या बाजूने बोलणारा मराठी माणूस मिळणं ही गोष्ट काही रोज घडत नाही.

फिर्यादी पक्ष आमच्या घरातच आहे. आमचे मेहुणे कोल्हापूरचे. कोल्हापूरचा माणूस फुटबॉलविषयी बोलू लागला की इतरांनी गप्प बसावं असा संकेत आहे, आणि तो रास्तही आहे. ज्या गावात पाटाकडील तालीम मंडळ आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की शाहू स्टेडियम भरतं आणि पेठापेठांतली माणसं एकमेकांकडे निराळ्या नजरेने बघू लागतात, त्या गावाला खेळ शिकवणारे आपण कोण? पण संकेत पाळले तर वाद होणार नाहीत, आणि वाद झाले नाहीत तर मेहुण्यांशी माणसाने बोलायचं तरी काय?

"दाजी, केसं बघा आणि सोडून द्या," मेहुणे म्हणतात. "डावा पाय न्हाई, डोकं न्हाई, पळ न्हाई. आमच्या पेठंत त्याला शेवटच्या दहा मिंटांत घेतला असता. त्योबी पाऊस नसंल तर."

'डोकं नाही' म्हणजे बेकहॅम निर्बुद्ध आहे असं त्यांना म्हणायचं नाही. चेंडू डोक्याने मारता येत नाही, एवढंच. आता मेहुण्यांना ठाऊक नसेल, पण नेमकी हीच फिर्याद एका फार मोठ्या माणसाने आधीच लावून ठेवली आहे. मँचेस्टर युनायटेडचा जॉर्ज बेस्ट. त्याचं म्हणणं असं की, बेकहॅमला डावा पाय चालवता येत नाही, हेडिंग येत नाही, समोरच्याकडून चेंडू काढून घेता येत नाही आणि गोलही फारसे होत नाहीत. बाकी तो ठीक आहे! सासूने नव्या सुनेविषयी शेजारणीला सांगावं, तसा हा अभिप्राय आहे.

मी या यादीत स्वतःहून भर घालतो. इंग्लंडकडून ११५ सामने आणि गोल १७. युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा सोन्याचा चेंडू कधीच मिळाला नाही; १९९९ साली दुसरा नंबर आला, पहिला ब्राझीलचा रिवाल्डो. विश्वचषक नाही. १९९८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाच्या सिमिओनेला पडल्या पडल्या लाथ मारली आणि लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. इंग्लंड हरलं आणि लंडनमधल्या एका दारूच्या गुत्त्याबाहेर लोकांनी त्याचा पुतळा फासावर टांगला. २००४ च्या युरो स्पर्धेत पोर्तुगालविरुद्ध पेनल्टी मारताना पाय सटकला आणि चेंडू गोलावरून थेट प्रेक्षकांत गेला. सगळं कबूल. झिदानचा नाजूक पाय त्याच्याकडे नव्हता, रोनाल्डोचा वेग नव्हता, फिगोसारखं समोरच्याला चकवून जाणं नव्हतं.

आणि प्रसिद्धी? ती मात्र कुठल्याच मापात न बसणारी. १९९८ साली फ्रान्समध्ये तो सारोंग नेसून फिरायला निघाला, म्हणजे आपली लुंगी हो! साऱ्या इंग्लंडची वर्तमानपत्रं त्या फोटोवर तुटून पडली. आपल्याकडे कोट्यवधी लोक पिढ्यान्‌पिढ्या लुंगी नेसतात. कुणाचा साधा पासपोर्ट साइज फोटो छापून आलेला नाही. १९९९ साली स्पाइस गर्ल्सपैकी व्हिक्टोरियाशी आयर्लंडमधल्या एका किल्ल्यात लग्न झालं. नवरा-नवरी सिंहासनांवर बसली आणि फोटोंचे हक्क एका साप्ताहिकाला विकले गेले. आपल्याकडे लग्नाचे फोटो बघायला लोकांना चहा देऊन बसवावं लागतं. २००२ साली तर त्याच्या नावाचा सिनेमा निघाला. त्यात लंडनमधली पंजाबी मुलगी फुटबॉल खेळते आणि हा तिच्या खोलीच्या भिंतीवर चिकटलेला असतो. भिंतीवर चिकटून एवढं नाव आजवर फक्त आपल्या पालीला मिळालं आहे.

केसांची कथा तर वेगळीच. आई केस कापण्याचा व्यवसाय करणारी, त्यामुळे पोराचं लक्ष तिकडे गेलं तर नवल नाही. १९९७ साली त्याने ब्रिलक्रीमशी करार केला आणि २००० साली सरळ चकोट करून टाकला. म्हणजे ज्यांनी त्याच्याकडे बघून डबे घेतले होते त्यांनी ते आता कुठे लावायचे? पुढे तुरा झाला, वेण्या झाल्या. प्रत्येक वेळी जगभरच्या न्हाव्यांना रात्रपाळी पडली.

मेहुण्यांचा पुरावा इथेच संपतो. केस एवढे गाजले, तेव्हा पाय कच्चा असणार! पण हा न्याय कुठला? ब्रिलक्रीमच्या जाहिरातीत आपले फरूख इंजिनियरही होते. म्हणून त्यांचं यष्टिरक्षण कच्चं होतं असं दादर पारशी कॉलनीत उभं राहून कुणी म्हणून दाखवावं. बालगंधर्व लुगडं कसं नेसतात, गजरा कसा माळतात हे बघून घरोघरच्या बायका तसं करू लागल्या. म्हणून त्यांचा गळा बेताचा होता असं कुणी म्हटलं नाही. माणसाचं दिसणं चाललं म्हणजे असणं थांबलं, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

आता मी माझा मुख्य पुरावा सादर करतो. तो कागदावर नाही, बेकहॅमच्या डाव्या हातावर आहे. २००० साली त्याने बायकोचं नाव हातावर गोंदवून घेतलं, आणि तेही देवनागरीत. इंग्लंडमध्ये लगेच बोंब उठली की, हिंदीत लिहिताना चूक झाली, मध्ये एक 'ह' जास्त पडला. हसून हसून लोकांची पोटं दुखली. केसांपलीकडे अक्कल नसलेल्या माणसाला बायकोचं नावसुद्धा धड लिहून घेता येत नाही म्हणाले.

वाचकहो, मी तो फोटो चष्मा पुसून पाहिला आहे. हातावर लिहिलं आहे 'व्हिक्टोरिया'. व-ला ह जोडून, त्याला ऱ्हस्व वेलांटी देऊन. हिंदीवाले 'विक्टोरिया' लिहितात हे खरं. पण आपण मराठी माणसं आजतागायत दुसरं काय लिहीत आलो? व्ही.टी. स्टेशन 'व्हिक्टोरिया टर्मिनस' होतं, मुंबईतली घोडागाडी 'व्हिक्टोरिया' होती. म्हणजे त्या हातावरचं शुद्धलेखन, आमच्या मास्तरांनी तपासलं असतं तरी, पैकीच्या पैकी गुणांचं आहे. मजकूर बरोबर होता. वाचणारे दुसऱ्याच भाषेत वाचत होते.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. बेकहॅमच्या खेळाचंही नेमकं हेच झालं. लोकांनी तो केसांच्या भाषेत वाचला, जाहिरातीच्या भाषेत वाचला, लग्नाच्या आल्बमच्या भाषेत वाचला आणि मग म्हणाले, यात फुटबॉल कुठे आहे?

फुटबॉल त्याच्या उजव्या पायात होता. आमच्या लहानपणी गावात लग्नाला एक आचारी यायचा. त्याला भात जमत नसे, आमटी तर तो करतच नसे. त्याला एकट्या जिलबीसाठी बोलवत. भात येत नाही म्हणून त्याची जिलबी कुणी पानात टाकून उठल्याचं मला आठवत नाही. बेकहॅम हा असा जिलबीचा आचारी. थांबलेला चेंडू, समोर पाच-सहा जणांची भिंत, मागे गोली. हा थोडा तिरका धावत यायचा, डावा पाय चेंडूच्या शेजारी रोवायचा, अंग एका बाजूला कलतं करायचा आणि उजव्या पायाच्या आतल्या बाजूने चेंडूच्या मध्यावर न मारता जरा उजवीकडे, जरा खाली मारायचा. चेंडू स्वतःभोवती गरगर फिरत निघतो. फिरत्या चेंडूच्या एका बाजूने वारा झपाट्याने सरकतो, दुसऱ्या बाजूने अडतो, आणि चेंडू हवेतल्या हवेत वळतो. भिंतीच्या बाहेरून गेलेला चेंडू, 'अहो, तुमच्याकडेच आलो होतो' अशा थाटात गोलात शिरतो. हे पुस्तकात वाचायला सोपं आहे. पायाला शिकवायला सराव संपून बाकीचे घरी गेल्यावर मैदानावर थांबावं लागतं. तो थांबत असे. प्रीमियर लीगमध्ये अशा फ्री-किकवर त्याने १८ गोल केले. फोटोग्राफरकडे बघून चेंडू वळत नाही.

१७ ऑगस्ट १९९६ ला विम्बल्डनच्या गोलीला जरा पुढे आलेला पाहून त्याने मैदानाच्या मध्यरेषेपासून चेंडू मारला आणि तो गोलात गेला. त्या वेळी तो २१ वर्षांचा होता, लग्न व्हायचं होतं आणि लुंगीचा शोध लागायचा होता. १९९९ च्या मे महिन्यात बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत. बायर्न म्युनिक १-० ने पुढे, नव्वद मिनिटं संपलेली. जादा वेळेत दोन कॉर्नर मिळाले. दोन्ही बेकहॅमने मारले, दोन्हींवर गोल झाले. शेरिंगहॅम आणि सोल्शायर यांची नावं गोलफलकावर लागली. ज्याला प्रसिद्धीचा एवढा हव्यास म्हणतात त्याचं नाव तिथे नाही.

आणि ६ ऑक्टोबर २००१. ग्रीसविरुद्ध सामना, इंग्लंड २-१ ने मागे, विश्वचषकात थेट जाण्यासाठी बरोबरी तरी हवी. कर्णधार मैदानभर धावतो आहे, फ्री-किक मारतो आहे आणि एकामागून एक वाया घालवतो आहे. मेहुणे असते तर चौथ्या वेळी उठून गेले असते. घड्याळात त्र्याण्णवावं मिनिट. पुन्हा फ्री-किक, जवळजवळ तीस यार्डांवरून. चेंडू वरच्या कोपऱ्यात. तीन वर्षांपूर्वी ज्याचा पुतळा टांगला होता त्याला देशाने डोक्यावर घेतलं. दोन्ही वेळा लोकांनी अतिरेकच केला. पण मधल्या काळात पाय तोच होता.

"पण फर्ग्युसनसाहेब काय म्हणाले त्ये वाचलंय का?" मेहुणे विचारतात.

वाचलं आहे. मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर सर ॲलेक्स फर्ग्युसन यांनी २०१३ च्या आत्मचरित्रात लिहिलं आहे की, आपल्या हाताखालच्या खेळाडूंपैकी हा एकटाच असा निघाला ज्याने स्वतःहून प्रसिद्ध व्हायचं ठरवलं. साक्ष वजनदार आहे. पण साक्षीदाराची उलटतपासणी करायचा मला हक्क आहे. साहेब, १९९९ च्या त्याच अंतिम सामन्यात तुमचे रॉय कीन आणि पॉल स्कोल्स दोघे बंदीमुळे बाहेर होते. मैदानाचा मध्यभाग, म्हणजे संघाचं घर, तुम्ही कुणाच्या ताब्यात दिलंत? ज्याचं निम्मं लक्ष आरशात आहे त्याच्या हाती माणूस घराची किल्ली देत नाही. २००३ च्या फेब्रुवारीत आर्सेनलकडून हरल्यावर तुमच्या लाथेने उडालेला बूट त्याच्या भुवईवर लागला आणि त्या टाक्यांचीही बातमी झाली. त्या प्रसिद्धीत तरी त्याचा हात नव्हता. पाय तुमचा होता.

जॉर्ज बेस्टचीही उलटतपासणी राहिली आहे. बेस्टचा गुण बेकहॅमच्या कितीतरी पट, याविषयी दुमत नाही. १९६८ साली तो सोन्याचा चेंडू त्याला मिळाला. केस त्याचेही लांब, पोरी त्याच्याही मागे, फुटबॉलमधला पहिला सिनेनट म्हणावा तर तोच. आणि १९७४ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, मँचेस्टर युनायटेडमधला त्याचा कारभार आटोपला. प्रसिद्धीने गुण गिळला. बेकहॅमने बेताचा गुण घेऊन त्याहून मोठी प्रसिद्धी अंगावर वागवली आणि ३८ व्या वर्षापर्यंत खेळून २०१३ साली बूट काढले. इंग्लंड, स्पेन, अमेरिका, फ्रान्स या चार देशांत लीगचं विजेतेपद मिळवलं. सावकाराचं कर्ज फेडून वर शेत राखणाऱ्या माणसाला उधळ्या म्हणायचं असेल तर म्हणा.

एका ठिकाणी मात्र फिर्यादीचं म्हणणं खरं आहे. २००३ साली रियल माद्रिदने त्याला घेतला. त्याच उन्हाळ्यात त्यांनी क्लॉद मॅकेलेले नावाचा खेळाडू चेल्सीला विकून टाकला. मॅकेलेलेचं काम मागे राहून चेंडू अडवायचं, म्हणजे मोरी तुंबू न देण्याचं. ती कामं फोटोत येत नाहीत. माद्रिदवाल्यांनी घराला सोन्याचा कळस चढवला आणि त्यासाठी पायातला दगड काढला. पुढचे तीन हंगाम ना लीग, ना युरोपचा चषक. इथे नावाने खेळावर मात केली हे मी मान्य करतो. पण हा गुन्हा कळसाचा की घरमालकाचा?

आणि पुढचं ऐका. जानेवारी २००७ मध्ये बेकहॅम अमेरिकेला जाणार हे जाहीर झालं. माद्रिदचे प्रशिक्षक कपेलो चिडून म्हणाले की, हा आता आमच्यासाठी खेळणार नाही. नाव तर दुसऱ्या गावाला निघालं होतं, आता शिल्लक होता तो नुसता पाय. तो पाय मुकाट्याने रोज सरावाला येत राहिला. महिन्याभरात कपेलोंना शब्द गिळावे लागले. परत घेतला त्याच सामन्यात त्याने फ्री-किकवर गोल केला, आणि जूनमध्ये माद्रिदने लीग जिंकली. इंग्लंडच्या प्रशिक्षकांनीही २००६ साली त्याला काढून २००७ साली परत बोलावलं. नुसतं नावच असतं तर परत बोलावलं नसतं. नाव बाजारात दुसरं मिळतं.

अमेरिकेत काय झालं? करार २५ कोटी डॉलरचा, असं जगभर छापून आलं. प्रत्यक्ष पगार वर्षाला ६५ लाख डॉलर. बाकीचा आकडा जाहिराती, सदरे आणि लोकांची कल्पनाशक्ती यांचा. प्रसिद्धीचा हिशोब हा असा असतो. वरात दुसऱ्यांची, घोडा भाड्याचा, आणि लोक खर्च विचारतात तो घोड्याला.

आता मी जरा घराकडे येतो, कारण मला खरी चीड आहे ती आपल्याविषयी. १५ नोव्हेंबर २०२३ ला बेकहॅम मुंबईत वानखेडेवर आला होता. युनिसेफचा सदिच्छादूत म्हणून भारतात आलेला, शेजारी सचिन तेंडुलकर. विश्वचषकाची उपांत्य फेरी, विराट कोहलीचं पन्नासावं शतक, शमीचे सात बळी. आणि कॅमेरा दर थोड्या वेळाने प्रेक्षकांत बसलेल्या, दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या फुटबॉलपटूकडे. लोक त्याला बघून हात हलवत होते. आनंद आहे. पाहुण्याला हात हलवण्याची आपली रीत आहे.

पण याच मुंबईत, अंधेरीच्या स्टेडियमवर, १ जून २०१८ ला भारताचा फुटबॉल संघ चायनीज तैपेईशी खेळला होता. भारत ५-० ने जिंकला, सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि बघायला माणसं होती जेमतेम अडीच हजार. आमच्या भागातल्या सत्यनारायणाला याहून जास्त पानं उठतात. दुसऱ्या दिवशी देशाच्या कर्णधाराने हात जोडून लोकांना विनवलं की, आम्हांला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. त्यानंतर ४ जूनला केनियाविरुद्धच्या त्याच्या शंभराव्या सामन्याला तिकिटं संपली आणि भर पावसात लोक बसले. म्हणजे येता येत होतं! आपण आलो ते विनवणीची बातमी झाल्यावर. तीन गोल पुरले नव्हते. पुढे २०२५ च्या डिसेंबरात मेस्सी भारतात आला. एकही सामना खेळणार नव्हता, तरी लोकांनी हजारो रुपयांची तिकिटं काढली. आणि कोलकात्यात तो नीट दिसला नाही म्हणून खुर्च्या फेकल्या. ज्या देशात फुटबॉल न खेळणाऱ्या फुटबॉलपटूला तिकीट आहे आणि खेळणाऱ्याला हात जोडावे लागतात, त्या देशाने बेकहॅमची प्रसिद्धी मोजायला काटा घेऊन बसू नये.

याबाबतीत मेहुण्यांना मात्र मी सूट देतो. शाहू स्टेडियमवर माणसं जातात ती पेठेच्या पोरांचा खेळ बघायला. तिथे कुणी केसांकडे बघत नाही. चेंडू चुकला तर केसांसकट सगळ्या खानदानाचा उद्धार होतो. त्यांना बेकहॅमला नावं ठेवायचा अधिकार आहे. बाकीच्यांनी तो आधी मिळवावा.

२०२५ साली ब्रिटनच्या राजाने त्याला 'सर' केलं. मेहुणे म्हणाले, "आमच्यात पीटीच्या मास्तरला सर म्हंत्यात, त्यो निदान शिट्टी तरी वाजवतो." वाजवू द्या. बेकहॅमचं नाव त्याच्या खेळापेक्षा मोठं होतं का? होतं, वादच नाही. ते आपण सगळ्यांनी मिळून मोठं केलं: वर्तमानपत्रांनी, साबणवाल्यांनी, क्लबच्या खजिनदारांनी आणि फोटो बघणाऱ्या तुम्ही-आम्ही. पण नाव जास्त होतं म्हणून खेळ कमी होता, ही आपल्या आळसाने केलेली वजाबाकी आहे. सोनूबाई हे नाव कानावर पडलं की हाती कथलाचाच वाळा असणार असं आपण धरून चालतो. कधीतरी वाळा हातात घेऊन दगडावर घासून बघावा. बेकहॅमचा मी घासून पाहिला आहे. सगळा सोन्याचा नाही. पण उजव्या पायातला नक्की आहे.